वापीमार्गे वानखेडे

सिल्वासाला रेल्वे नाही. मुंबईला जायचं तर आधी वापी गाठावं लागतं, आणि त्या रस्त्यावर आपण केंद्रशासित प्रदेशात आहोत की गुजरातेत, हे दारूच्या दुकानांवरून ओळखायचं. दुकानं दिसली की दादरा नगर हवेली, एकाएकी नाहीशी झाली की गुजरात. दादरा हा तर नगर हवेलीपासून तुटलेला स्वतंत्र तुकडा आहे, त्यामुळे हा खेळ एकाच प्रवासात पुन्हा होतो. रिक्षावाल्याला त्याचं काही नाही. माझ्या आतेभावालाही नाही. त्याचं सगळं लक्ष मांडीवरच्या पिशवीकडे होतं.

हा आतेभाऊ, आमचा दादा, पिपरियाच्या एका यार्नच्या कारखान्यात सुपरवायझर होता. सिल्वासात पॉलिएस्टर धाग्याला पीळ देणारे असे बरेच कारखाने आहेत, आणि त्यांच्या शिफ्टमध्ये निम्मा भारत सापडतो. दादा निवृत्त झाला तेव्हा वहिनीला वाटलं, आता घरात थोडी आवराआवर होईल. झालं उलटंच. पलंगाखाली असलेली ट्रंक हॉलमध्ये आली. त्या ट्रंकेत मुंबईचा रणजी संघ आहे.

मुंबईत तो कधी राहिलेला नाही, एक आठवडासुद्धा नाही. तरी संघ म्हटला की त्याच्या लेखी मुंबईच. भारताचा संघ त्याला आवडतो, पण लांबच्या नातेवाइकाने परीक्षेत नंबर काढावा इतपतच.

अमेरिकेत असल्या माणसांची वाण नाही. तिथे बेसबॉलच्या एकेका क्लबचे चाहते पिढ्यान्‌पिढ्या एकाच संघाला धरून असतात आणि खेळाडूंची पुठ्ठ्याची कार्डं जपतात. होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचं १९०९ ते १९११ च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटातून निघालेलं कार्ड २०२२ मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरला गेलं. त्याच वर्षी मिकी मँटलच्या १९५२ च्या कार्डाने एक कोटी सव्वीस लाख डॉलर मिळवले. हे मी दादाला सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, “सिगारेट कुणी ओढली?” आपल्याकडे या जातीच्या वस्तू फार नाहीत. बिग फन बबलगममधली चित्रं होती. १९९९ च्या विश्वचषकाच्या वेळी ब्रिटानियाच्या बिस्किटांच्या वेष्टनांवर धावा छापलेल्या असायच्या, शंभर धावा जमल्या की एक पुस्तिका मिळायची. ‘एकच षटकार’ या क्रिकेटच्या नियतकालिकातली पोस्टरं तर अर्ध्या महाराष्ट्राच्या भिंतींवर होती. पण हे सगळं भारताच्या संघाचं. मुंबईच्या रणजी संघाची कार्डं कुणी छापली नाहीत. रणजीचा सामना बघायला बहुधा तिकीटसुद्धा लागत नाही, मग जपणार तरी काय? दादाने यावर तोड काढली. सामन्याचं तिकीट नाही तर सामन्याला जायचं तिकीट. वापी ते मुंबई सेंट्रल, वापी ते दादर, जुनी जाड पुठ्ठ्याची, भोक पाडलेली, मग संगणकावरची, मग मशीनमधली गुळगुळीत कागदाची, ज्यांच्यावरची शाई वर्षभरात उडून जाते. म्हणून त्यांच्या झेरॉक्स. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने सामना लिहिलेला. एका तिकिटामागे नुसतं “पाऊस” आहे.

ट्रंकेतला खरा ऐवज मात्र त्याचा नाही, आतोबांचा आहे. आतोबा सिल्वासाला मराठी शाळेत मास्तर होते. इथलं पोर्तुगीज राज्य संपवलं ते मुंबई-पुण्याकडून आलेल्या माणसांनी. २२ जुलै १९५४ ला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा. त्यांच्यात बाबासाहेब पुरंदरे होते, सुधीर फडके होते. मोहिमेसाठी पैसा हवा म्हणून लता मंगेशकरांनी पुण्याला हिराबागेत कार्यक्रम केला. याच लताबाईंनी १९८३ मध्ये विश्वचषक जिंकून आलेल्या संघासाठी दिल्लीत कार्यक्रम केला, कारण मंडळाकडे खेळाडूंना द्यायला पुरेसे पैसे नव्हते. या दोन मैफलींच्या मधोमध आमचे आतोबा. मुक्त झालेल्या हवेलीत पोर्तुगीज तिकिटांवर ‘लिबरेटेड एरियाज’ असा शिक्का मारून टपाल चालायचं. आतोबांनी आधी ती तिकिटं जमवली. ती संपली आणि मग ते क्रिकेटकडे वळले, असं आत्या म्हणायची.

त्यांच्या वह्या शाळेच्या, आडव्या रेघांच्या. त्यांवर पट्टीने उभ्या रेघा मारून स्कोअरबुक केलेलं. रेडिओवर बाळ पंडितांचं मराठी समालोचन लागेल तेवढं त्यावरून, उरलेलं दुसऱ्या दिवशी वापीहून येणाऱ्या पेपरातून. फलंदाज निळ्या शाईत, बळी लाल शाईत, आणि अवांतर धावा हिरव्या शाईत. अवांतर धावांचा त्यांना मनापासून राग होता. हिरव्या शाईत कधीकधी गोलंदाजाचं नाव आणि पुढे “लाज” असा एवढाच शेरा सापडतो.

वही उघडली की मुंबईचा दरारा आकड्यांत दिसतो. १९३४-३५ ला रणजी सुरू झाली आणि पहिलाच करंडक एल. पी. जय यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने नेला. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षं दुसऱ्या कुणाला तो मिळाला नाही. आतोबांच्या वहीत ही वर्षं कंटाळवाणी आहेत, हेही सांगायला हवं. अंतिम सामना, मुंबई विजयी, अंतिम सामना, मुंबई विजयी. दिलीप सरदेसाई मुंबईकडून अंतिम सामन्यात उतरले आणि हरले असं कधी झालंच नाही. जिंकणाऱ्या संघाची गोष्ट सांगणं अवघड असतं. अपवाद पंधराव्या वर्षाचा. मद्रासला खेळपट्टी अशी होती की मुंबईच्या १५१ आणि ११३ धावा डोंगरासारख्या वाटाव्यात. तामिळनाडू ८० आणि ६१. पद्माकर शिवलकर १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. दोन दिवस आणि तिसऱ्या दिवसाचा एक चेंडू, एवढ्यात अंतिम सामना संपला. शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि कसोटी एकही खेळले नाहीत, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. शिवलकर गायचेही सुरेख. २०२५ च्या मार्चमध्ये ते गेले, त्या दिवशी दादाने हे पान वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. वहिनी म्हणते, तिला आता ते पाठ आहे.

पुढच्याच हंगामात कर्नाटकाने ही साखळी तोडली, आणि वही वाचनीय झाली.

सगळ्यात जास्त हाताळलेलं पान १९९१ च्या मे महिन्याचं. वानखेडेवर अंतिम सामना, हरयाणा विरुद्ध मुंबई. हरयाणा ५२२ आणि २४२, मुंबई पहिल्या डावात ४१०. शेवटच्या दिवशी ३५५ हव्यात. अठरा वर्षांचा तेंडुलकर ९६ वर बाद. दिलीप वेंगसरकर एका बाजूने उभे, पायात गोळे आलेले म्हणून लालचंद राजपूत रनर, आणि शेवटी अॅबी कुरुविला धावचीत. मुंबई ३५२. दोन धावांनी पराभव. वेंगसरकर नाबाद १३९, आणि मैदानावरच रडले. ‘ना. १३९’ भोवती आतोबांनी चौकट केली आहे. ती इतक्यांदा गिरवली की कागद खालच्या कोपऱ्यात फाटलाय, आणि मागच्या पानावरचा ओडिशाचा कुठलासा डाव त्या फटीतून डोकावतो. हिरवी शाई या पानावर जरा जास्तच आहे. दोन धावांचा हिशेब त्यांनी तिथे शोधलेला दिसतो.

तर ही वही पिशवीत, पिशवी दादाच्या मांडीवर, आणि आम्ही विरारला जाणाऱ्या मेमूत. सुपरफास्ट सोडून मेमूच का, तर ती प्रत्येक स्टेशनावर थांबते आणि दादाला प्रत्येक स्टेशनावर काहीतरी सांगायचं असतं. फ्लाइंग राणीचे डबल-डेकर डबे २०२३ मध्ये काढले, त्यावर त्याने भिलाडपर्यंत वेळ नेला. वहिनीने दिलेल्या दशम्या तिथेच सुटल्या.

संजाणला तो खिडकीशी सरकला. इराण सोडून आलेले पारशी याच किनाऱ्याला लागले, त्याची आठवण म्हणून १९२० मध्ये उभारलेला स्तंभ संजाणला आहे. दादाच्या मते मुंबई संघाचा इतिहास इथून सुरू होतो, आणि विचार केला तर त्याचं चुकीचं नाही. हिंदुस्थानी लोकांचा पहिला क्रिकेट क्लब, ओरिएंटल, मुंबईत पारशांनीच १८४८ मध्ये काढला. १८८६ मध्ये त्यांनी पदरमोड करून इंग्लंडचा दौरा केला आणि बहुतेक सामने हरून परत आले. १८८८ मध्ये पुन्हा गेले. १८९० मध्ये व्हर्ननच्या इंग्लिश पाहुण्या संघाला त्यांनी मुंबईत हरवलं, तेव्हा साहेबालाही दखल घ्यावी लागली. मुंबईतल्या हिंदूंनी, मुसलमानांनी हा खेळ त्यांच्याशी स्पर्धा करत उचलला. पुढे पॉली उमरीगर, रुसी मोदी, फारुख इंजिनिअर. आणि भर पावसात चालणारी कांगा लीग, तीही डॉक्टर होरमसजी कांगांच्या नावाची, १९४८ पासूनची. ओल्या खेळपट्टीवर, गुडघाभर गवतात, जमिनीवरून मारलेला चेंडू चौकाराच्या निम्म्यावर थांबतो. अशा ठिकाणी धावा जमवणारा माणूस सुक्या मैदानावर सहजासहजी बाद होत नाही. मुंबईच्या खडूस फलंदाजीचं मूळ माझ्या मते शिवाजी पार्कच्या हवेत वगैरे नसून या चिखलात आहे.

बोर्डी, घोलवड. चिकूच्या वाड्या खिडकीशी येतात आणि डब्यात टोपल्याही येतात. डहाणू रोडपासून मुंबईची उपनगरी लोकल सुरू होते, २०१३ पासून. म्हणजे कागदोपत्री मुंबई इथवर आली आहे. पालघरला मात्र दादा उठून दारात गेला. केळवे-माहीमकडे जाणारा रस्ता फलाटावरून दिसतो का हे त्याला बघायचं असतं. दिसत नाही. दरवेळी बघतो.

हे माहीम म्हणजे दर्ग्याचं आणि खाडीचं नव्हे. पानवेलींचं आणि केळीचं, पालघरजवळचं. शार्दुल ठाकूर तिथला. शेतकऱ्याचा मुलगा, किटबॅग खांद्यावर टाकून पालघरहून गाडी पकडायचा, मैदानावर दिवसभर गोलंदाजी करायचा आणि रात्री तसाच परत. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे दिनेश लाड यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं, तेव्हा कुठे ती फरफट थांबली. शाळेकडून खेळताना त्याने एका षटकात सहा षटकार मारले होते. त्याच लाडसरांचा आणखी एक विद्यार्थी रोहित शर्मा. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून भारताच्या संघाबरोबर परतल्यावर शार्दुलने अंधेरीला लोकल धरली आणि तसाच पालघरला घरी गेला. डब्यातली पोरं मोबाइलवर त्याचा फोटो शोधून त्याच्या तोंडाशी ताडून बघत होती म्हणे. दादाचा या गोष्टीवर फार जीव. मला विचाराल तर २०२४ मधली त्याची फलंदाजी अधिक सांगण्यासारखी आहे. उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध मुंबई अडचणीत असताना १०९, आणि वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध पहिल्या डावात २२४ पैकी ७५. त्याआधी उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियनने नाबाद १२० आणि अकराव्या क्रमांकाच्या तुषार देशपांडेने १२३ केल्या होत्या. शेपूट म्हणावं तर कुणाला?

विरारला गाडी बदलायची. विरारचा फलाट ज्याने सकाळी पाहिला आहे त्याला मी काही वर्णन करून सांगावं असं नाही. पण किटबॅग घेतलेला शाळकरी मुलगा त्यात कसा शिरतो हे बघण्यासारखं असतं. शहाणा मुलगा साध्या डब्याच्या नादी लागत नाही. तो लगेजच्या डब्यात जातो, मासळीच्या पाट्यांच्या बाजूला बॅग उभी लावतो आणि तिच्यावर बसतो. पृथ्वी शॉ विरारचा. वडिलांबरोबर पहाटेच्या लोकलने वांद्र्याला. २०१३ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत त्याने एका डावात ५४६ केल्या. रहाणे डोंबिवलीचा, देशपांडे कल्याणचा.

आतोबांच्या वह्या आणि हा रूळ एकत्र ठेवले तर एक गोष्ट लख्ख दिसते. वाडेकर, शिवलकर, वेंगसरकर, संदीप पाटील ही सगळी दादर-शिवाजी पार्कच्या परिसरातली माणसं. सोलकर तर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, मैदानाच्या कडेच्या खोपटात वाढलेला. हा संघ चालत मैदानावर जायचा. आताचा संघ गाडीने जातो. दादरची घरं विकून मराठी माणूस बोरिवली, विरार, कल्याणला गेला, त्याच्या मागोमाग क्रिकेट गेलं. मैदानं मात्र जिथल्या तिथे राहिली, दक्षिणेला. म्हणून मुलं दोन-दोन तास बॅगेवर बसून जातात. मुंबईचं क्रिकेट संपलं असं दर दोन वर्षांनी कुणीतरी लिहितो. तो बहुधा दादरला राहणारा असतो.

आणि जमवण्याचंही तसंच. दादरला उतरून आम्ही शिवाजी पार्कला गेलो. तेंडुलकरचे प्रशिक्षक आचरेकरसर यांचं स्मारक २०२४ च्या डिसेंबरात त्याच्याच हस्ते तिथे झालं, ते दादाला पाहायचं होतं. सरांची रुपयाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. स्टंपवर नाणं ठेवायचं, तेंडुलकरला बाद करणाऱ्याने ते न्यायचं, कुणाकडून बाद झाला नाही तर ते तेंडुलकरचं. त्याच्याकडे अशी तेरा नाणी आहेत. आपल्याकडच्या क्रिकेटच्या वस्तूंत मला तीच सगळ्यात मौल्यवान वाटतात, आणि त्यांच्यावर कुणाची सही नाही. कट्ट्यावर एक वयस्क गृहस्थ बसले होते, सगळी जुनी मंडळी त्यांनी इथे खेळताना पाहिलेली. दादाने उत्सुकतेने विचारलं, “तुमच्याकडे त्या वेळचं काही असेल ना? एखादी सही, एखादं स्कोअरकार्ड?”

“ठेवायचं कशाला?” ते म्हणाले. “खिडकीतून दिसायचे की.”

दादा यावर हसला नाही. मी हसले. ज्याला खिडकीतून दिसतं तो वही ठेवत नाही. वही सिल्वासालाच तयार होते.

वानखेडे १९७५ च्या जानेवारीत पहिल्या कसोटीसाठी उघडलं. ब्रेबर्न हाकेच्या अंतरावर असताना दुसरं मैदान का, तर क्रिकेट क्लब आणि मुंबईची संघटना यांचं तिकिटांच्या वाटणीवरून बिनसलं म्हणून. या शहराची एक मोठी वास्तू निव्वळ तिकिटांच्या भांडणातून उभी राहिली, यात दादासारख्या तिकिटं जपणाऱ्याला वेगळंच समाधान आहे. ज्यांच्या नावाचं मैदान ते बॅरिस्टर शेषराव वानखेडे नागपूरचे. २०२४ मध्ये विदर्भाचा संघ त्यांच्याच नावाच्या मैदानावर १६९ धावांनी हरला आणि मुंबईचा बेचाळिसावा करंडक झाला. धवल कुलकर्णीने शेवटचा बळी घेतला आणि निवृत्त झाला. त्या सामन्याचं वापीचं तिकीट दादाकडे आहे. पहिल्या दिवसाचं. शेवटच्या दिवशी कुणाचंतरी लग्न होतं.

आता २०२५ पासून वानखेडेच्या आवारात मुंबई क्रिकेट संघटनेचं म्युझियमही आहे, गावसकरांचा पुतळा आहे. पुण्याला सहकारनगरमध्ये २०१२ पासून एक खासगी म्युझियम आहेच. वही तिथे द्यायची का, हा विषय घरात निघतो. या वेळीही चर्चगेटच्या फलाटावर मी तो काढला. दादा म्हणाला, “काचेत ठेवली की एकच पान उघडं राहतं. कुठलं ठेवतील?” मी म्हटलं, शिवलकरांचं. तो म्हणाला, ९१ चं कुणी ठेवणार नाही.

परतीची गाडी संध्याकाळची होती. मधला वेळ दादाने आधीच योजून ठेवला होता. ग्रँट रोडला उतरून चोरबाजार. मटण स्ट्रीटवर जुने ग्रामोफोन, दिवे, घड्याळं आणि सिनेमाची पोस्टरं. पोस्टरांचे भाव ऐकून मी गप्प बसले. ‘दीवार’च्या एका पोस्टरची जी किंमत सांगतात तीत सिल्वासाहून सहकुटुंब येऊन जाता येईल. क्रिकेटचं कुणी विचारत नाही, म्हणून ते तळाशी असतं, रद्दीच्या भावाच्या थोडं वर. एका दुकानात तळातून ‘एकच षटकार’चा अंक निघाला. कोपरे वाळवीने खाल्लेले, मधलं पोस्टर पिनांपासून ओढून नेलेलं.

“दो सौ,” दुकानदार म्हणाला.

“पोस्टर नहीं है.”

“इसीलिए दो सौ. पोस्टर के साथ पाँच सौ बोलता. वैसे लोग पोस्टर के लिए ही लेते हैं, चाचा. आप क्या करोगे इसका?”

“पढूँगा,” दादा म्हणाला, आणि शेवटची पानं उलटू लागला. देशांतर्गत सामन्यांचे धावफलक बारीक अक्षरात, मागेच असतात. त्याने पिशवीतून वही काढली, पान शोधलं, बोट ठेवून दोन्हीकडचे आकडे पडताळले. एके ठिकाणी बोट थांबलं. अंकात अवांतर धावा १४ होत्या, आतोबांच्या हिरव्या शाईत १३.

“सौ,” दुकानदार आपण होऊन म्हणाला. असलं गिऱ्हाईक त्याने आधी पाहिलेलं नसावं.

“आणखी आहेत?”

“ऊपर माळे पे बोरा है. लेकिन धूल बहुत है.”

मी दादाला गाडीची वेळ सांगितली. दुसऱ्यांदा सांगितली तेव्हा तो पिशवी माझ्या हातात देऊन लाकडी जिन्याच्या चौथ्या पायरीवर पोचला होता.